कुमाऊंची देवळे व एक अर्ज

सरकारी नोकराने प्रवासावर बोलावयाचे म्हणजे त्यात एक धोका असतो. वीस वर्षे दौरे करून त्याची दृष्टी अशी झालेली असते की, प्रवास म्हटला की त्याला भत्त्याचे बिल आठवते आणि डोंगर म्हटला की त्या डोंगरावरून जाणाऱ्या रस्त्याचे अंदाजपत्रक. हा दोष माझ्यातही आहे, हे आरंभीच कबूल करतो. परंतु आज ज्या प्रवासाविषयी मी बोलणार आहे तो दौरा नव्हता. तो माझ्या आईने ठरविलेला प्रवास होता, आणि त्यात माझे काम केवळ रजा काढण्याचे व पैसे भरण्याचे होते.

आईचे माहेर परभणीकडचे. औंढा नागनाथ हे तिच्या माणसांचे देवस्थान. लहानपणापासून तिची अशी पक्की समजूत की, बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेश तो हाच. माझी बदली दिल्लीस झाल्यावर ती आमच्याकडे राहावयास आली, आणि शेजारच्या एका कुमाऊंनी बाईंनी तिला बोलता बोलता सांगितले की, खरा नागेश आमच्या जागेश्वरास आहे. द्वादश ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात नागेशाचे स्थान दारुकावनात सांगितले आहे. दारुकावन म्हणजे देवदारांचे वन, आणि देवदार तुमच्या मराठवाड्यात कोठून येणार? आई त्या दिवशी फारशी जेवली नाही. द्वारकेजवळचे लोकही नागेश आमचाच म्हणतात, हे तिला ठाऊक होते. परंतु तो वाद तिने मनावर घेतला नव्हता. झाडाचा हा पुरावा मात्र तिला लागला. "एकदा डोळ्यांनी बघून येऊ," ती म्हणाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, दसरा उलटल्यावर, आम्ही निघालो.

दिल्लीहून रात्रीच्या गाडीने काठगोदाम. आगगाडी येथपर्यंत १८८४ साली आली आणि येथेच थांबली. पुढे हिमालयाची चढण लागते. तेथून आम्ही पाच दिवसांसाठी मोटार ठरविली होती. चालक अल्मोड्याकडचा, पस्तिशीचा, अबोल तरुण होता. वळणावर तो कर्णा वाजवी, समोरच्या गाडीस वाट देई आणि पुन्हा गप्प होई. भवाली मागे पडली, कोसी नदी सोबतीला आली. काकडीघाट लागला. तेथे एका पिंपळाखाली १८९० साली स्वामी विवेकानंद ध्यानस्थ बसले होते. नदीपलीकडे पायऱ्यापायऱ्यांची शेते होती व त्यांत मधूनच गडद तांबडे पट्टे दिसत होते. तो राजगिरा. शेजारच्या शेतात बायका वाकून कणसे कापीत होत्या. आईने गाडी थांबवून पाहिले आणि म्हणाली, "अरे, ही तर नाचणी!" चालकाने तिला 'मंडुआ' हा तिकडचा शब्द सांगितला. त्या एका धान्याच्या ओळखीवर तो परका मुलूख तिला निम्मा आपला वाटू लागला.

अल्मोडा हे चंद राजांचे राजधानीचे गाव. १७९० त ते गुरख्यांनी घेतले आणि १८१५ त इंग्रजांनी. तेथील पंत घराण्यांची परंपरा असे सांगते की, त्यांचे मूळ पुरुष महाराष्ट्रातून येथे आले. पंडित गोविंद वल्लभ पंत याच अल्मोडा जिल्ह्यातले. ही हकीकत मी आईस सांगितली तेव्हा तिने शांतपणे म्हटले, "मग देवही तिकडूनच आला असेल." वादाचा निकाल तिने जागेश्वरास पोहोचण्याआधीच लावून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेश्वराकडे निघालो. आठ किलोमीटरांवर चितई येते. गोलू देवाचे हे स्थान आमच्या यादीत नव्हते. चालकाने गाडी कडेला घेतली व प्रथमच आपण होऊन बोलला, "साहेब, पाच मिनिटे. माझा एक कागद येथे आहे."

मला वाटले, कागद म्हणजे वाहनाचा परवाना किंवा असेच काही. पायऱ्या चढू लागलो तो दोन्ही बाजूंना घंटाच घंटा. बोटाच्या पेराएवढ्या, नारळाएवढ्या, आणि काही अशा की दोघांनी उचलाव्या. आणि घंटांच्या मधल्या जागेत, दोऱ्यांवर, गजांवर, जाळ्यांवर, कागद. साधे कागद, वहीची फाडलेली पाने आणि मुद्रांकाचे कागद. कोर्टात लागतात तेच. वाऱ्याने ते एकदम हलत आणि एखाद्या मोठ्या कचेरीतील पंख्याखाली व्हावा तसा आवाज होई.

गोलू हा कुमाऊंचा न्यायदेव. त्याची कथा अशी की, चंपावतच्या राजाला सात राण्या असून मूल नव्हते. आठवी राणी कालिंका हिला पुत्र झाला, तेव्हा सवतींनी तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधून मूल पळविले, तिच्यापुढे पाटावरवंटा ठेवला आणि तू दगडांना जन्म दिलास असे तिला सांगितले. मूल पेटीत घालून नदीत सोडले. ते एका कोळ्याच्या हाती लागले. मोठा झाल्यावर तो मुलगा लाकडी घोडा घेऊन राण्यांच्या पाणवठ्यावर आला व घोड्याला पाणी पाजू लागला. राण्या हसल्या, लाकडाचा घोडा कधी पाणी पितो काय? तो म्हणाला, बाईला दगड होत असतील तर लाकडाचा घोडाही पाणी पिईल. राजाच्या कानी ते गेले व आईला न्याय मिळाला. पुढे तोच राजा झाला, आणि मरणानंतर लोकांचा देव. ज्याच्या आईवर खोटा कागद झाला त्याच्याकडे लोकांनी आपले खरे कागद आणून द्यावे, यात मला फार अर्थ दिसतो. काम झाले की लोक घंटा बांधतात. म्हणजे तेथील प्रत्येक घंटा ही एक निकाली निघालेली बाब.

दुसऱ्याचे पत्र वाचू नये, हा संस्कार मला आहे. परंतु दुसऱ्याचे अर्ज वाचणे हा माझा व्यवसाय आहे. त्या कागदांची घडण मला दुरूनच ओळखू आली. वर 'सेवा में', खाली देवाचे नाव व ठिकाण, मग विषय, मग हकीकत, मग नम्र विनंती, डाव्या अंगास तारीख, उजव्या अंगास सही किंवा अंगठा. कोणाच्या भावाने जमीन दाबली होती, कोणाची परीक्षा होती, कोणाचा नवरा शहरात गेला तो परतला नव्हता. काही अर्जांना मूळ कागदांच्या नकला जोडलेल्या होत्या, कचेरीला जोडाव्या तशा. एका अर्जाच्या शेवटी, यापूर्वी याच विषयावर केलेल्या अर्जाकडे लक्ष वेधले होते.

चालकाचा कागद एका कोपऱ्यात होता. पावसाने शाई पसरली होती. पण त्याला तो पाठ होता. त्याचे वडील रस्त्याच्या कामावर बेलदार होते. डोंगर साफ करताना दरड आली आणि ते गेले. आईचे कुटुंब निवृत्तिवेतन सहा वर्षे अडले होते. कारण नोकरीच्या पुस्तकात तिच्या नावापुढे 'देवी' होते आणि दुसऱ्या एका कागदावर नव्हते. "दोन्ही एकच बाई आहे, हे गावाला ठाऊक आहे," तो म्हणाला, "कचेरीला नाही."

यावर मी काय बोलणार? आईने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुमच्यात असे करतात का रे?" मी म्हटले, नियम असतो. तिने पुढे काही विचारले नाही. घंटांना हात लावीत ती खाली उतरली.

चितईहून पुढचा रस्ता चिडाच्या आणि बांज ओकाच्या जंगलातून जातो. मला त्यातले थोडेच आठवते. आरतोल्यास फाटा फुटला, मोटार एका अरुंद दरीत उतरली, आणि एकाएकी ऊन गेले. दोन्ही बाजूंना देवदार. इतके सरळ, इतके उंच आणि इतके दाट, की दुपारी अकरा वाजता तेथे तिन्हीसांज वाटावी. तळाशी जटागंगेचा ओहोळ आणि त्याच्या काठी दगडी शिखरांचा समूह. सातव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत बांधीत गेलेली सव्वाशेच्या आसपास देवळे तेथे आहेत. काही पुरुषभर उंचीचीही नाहीत. मुलांनी मोठ्या माणसांभोवती जमावे तशी ती मृत्युंजयाच्या व जागेश्वराच्या देवळांना बिलगून उभी आहेत. मृत्युंजयाच्या खांबांवर जुने लेख कोरलेले आहेत. जागेश्वराच्या दाराशी द्वारपाल आहेत. दगड काळसर, ओलसर, शेवाळलेला, आणि त्यावर देवदाराची बारीक पाने पडलेली.

आईने दर्शन घेतले व पुजाऱ्याशी आपल्या मराठवाडी हिंदीत बोलू लागली. औंढ्याला देव जमिनीच्या पोटात आहे, वाकून, बसत बसत खाली उतरावे लागते, हे तिने त्याला सांगितले. नामदेवाला कीर्तनातून उठविले तेव्हा देऊळच फिरले, म्हणून आमचा नंदी देवळाच्या मागे आहे, हेही सांगितले. आमच्या विसोबा खेचरांनी नामदेवाला तेथे गुरुबोध केला. पुजारी म्हातारा होता व ऐकून घेण्याची त्याला सवय असावी. सर्व ऐकल्यावर तो म्हणाला, "माताजी, आमच्याकडे संततीसाठी बायका रात्रभर हातात दिवा धरून उभ्या राहतात. सकाळी हात खाली घेतला की मग बोलतात. त्यांतल्या कोणीही अजून मला विचारले नाही, की नागेश हाच का."

आईला ते पटले असावे. निदान पुढे पाच दिवसांत तिने तो विषय काढला नाही.

रात्री आम्ही तेथेच राहिलो. देवदारांत वारा शिरला की पाण्याचा आवाज होतो. मला झोप लागेना. माझ्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतील एक अर्ज आठवत होता. एका विधवेचा होता. तिच्या नवऱ्याच्या जन्मतारखेत दोन कागदांमध्ये एका वर्षाचा फरक पडत होता. खुलासा मागवून मी तो अर्ज परत केला. खुलासा आला, तो अपुरा होता. पुन्हा परत केला. तिसऱ्या वेळी काहीच आले नाही. काही महिन्यांनी त्या प्रकरणावर मी जो शेरा लिहिला तो मला शब्दशः आठवतो: अर्जदाराकडून उत्तर नाही, सबब दप्तरी दाखल. नियमाप्रमाणे त्यात चूक नव्हती. तपासणीतही कोणी काढली नाही. ती बाई लिहिण्याची का थांबली, हे विचारण्यासाठी आमच्या नमुन्यात रकाना नव्हता. तिच्या गावाजवळ असे एखादे देऊळ असेल काय, एवढेच मी त्या रात्री पुनःपुन्हा मनाशी म्हणत होतो.

या देवदारांविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. आम्ही जाऊन आल्यानंतर, २०२४ साली, आरतोल्यापासूनचा तो अरुंद रस्ता रुंद करण्यासाठी सुमारे हजार देवदार तोडावयाचे ठरून त्यांच्यावर खुणा झाल्या. गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि शासनाला फेरविचार करावा लागला. मी ती बातमी दोन मनांनी वाचली. तो रस्ता नसता तर गुडघे धरून चालणारी माझी आई तेथे पोहोचली नसती. आणि ती झाडे नसती तर ज्या वनाच्या नावाने देव ओळखावयाचा ते वनच राहिले नसते. अंदाजपत्रक माझ्यापुढे आले असते तर मी कोठे सही केली असती, याची मला आजही खात्री नाही.

परतीच्या वाटेवर अल्मोड्यास मुक्काम करून आम्ही कौसानीचा रस्ता धरला. वाटेत कोसीच्या वर, चढावर, कटारमलचे सूर्यमंदिर आहे. मुख्य देवळाचे शिखर वरून ढासळलेले आणि भोवती लहान लहान चाळीसहून अधिक देवळ्या. गाभाऱ्याचा कोरीव लाकडी दरवाजा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मूर्तीची चोरी झाल्यावर तो तेथे हलविण्यात आला. दिल्लीत मी तो दरवाजा पाहिला होता, तेव्हा तो कोठे उघडत असेल याचा विचार मनात आला नव्हता. येथे उघडी चौकट पाहिली आणि समोर पसरलेले खोरे पाहिले.

कौसानीविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालणार नाही. १९२९ च्या जूनमध्ये गांधीजी येथे राहिले आणि 'अनासक्तियोगा'ची प्रस्तावना त्यांनी येथे लिहिली. पहाटे त्रिशूळ दिसले, नंदादेवी दिसली. ७,८१६ मीटर उंचीच्या त्या शिखराला आईने घरातल्या देवाला करतात तसा नमस्कार केला व चहा मागितला.

खाली गरुडच्या खोऱ्यात गोमतीच्या काठी बैजनाथ आहे. कत्युरी राजांची राजधानी कार्तिकेयपूर ती येथे. देवळे थोडी पडझडलेली आहेत, पण आतली पार्वतीची काळ्या पाषाणाची उभी मूर्ती पाहून बोलणे थांबते. घाटाशी पाण्यात मोठमोठे मासे निर्भयपणे फिरतात; देवळाचे म्हणून त्यांना कोणी धरीत नाही. आईने चुरमुरे टाकले.

तेथून बागेश्वर वीसएक किलोमीटर. शरयू आणि गोमती यांच्या संगमावर बागनाथाचे देऊळ आहे. नावाची कथा मजेदार आहे. वसिष्ठ शरयू घेऊन निघाले, तो वाटेत मार्कंडेय ऋषी तपाला बसलेले. ते उठेनात, नदी पुढे जाईना, पाणी तुंबत चालले. तेव्हा शंकराने वाघाचे रूप घेतले, पार्वतीने गाईचे, आणि वाघ गाईवर धावला. हंबरडा ऐकून ऋषी गाईला सोडविण्यास उठले आणि पाण्याला वाट मिळाली. म्हणून व्याघ्रेश्वर, म्हणजे बागेश्वर. एक माणूस अत्यंत एकाग्रतेने आपल्या जागी बसला आहे आणि त्याच्यामुळे हजारोंचे पाणी अडले आहे, हा देखावा आमच्या खात्याला अपरिचित नाही. फक्त वाघ दर वेळी मिळत नाही.

बागेश्वरास तो एकदा मिळाला. इंग्रजी अमलात कुमाऊंमध्ये 'कुली बेगार' म्हणून प्रकार होता. डोंगरात गाडीरस्ते नव्हते. दौऱ्यावर आलेल्या साहेबाचे तंबू, पेट्या, खुर्च्या, सारे सामान गावकऱ्यांनी पाठीवर घेऊन पुढच्या मुक्कामी न्यावयाचे. मोबदला नाही, असला तर नाममात्र. शिवाय साहेबाच्या माणसांना दूध, धान्य, लाकूडफाटा पुरवावयाचा. शेतात पीक उभे असो की घरात आजारी असो, पाळी आली की निघावे लागे. पाळ्यांची नोंद ठेवण्यासाठी गावोगाव नोंदवह्या असत आणि त्या गावच्या प्रधानांच्या ताब्यात असत.

१९२१ च्या जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या उत्तरायणी जत्रेत, हजारो लोक या संगमावर जमले. बद्रीदत्त पांडे हे पुढारी होते. हरगोविंद पंत बरोबर होते. लोकांनी शरयूचे पाणी हातात घेऊन बेगार न देण्याची शपथ वाहिली आणि प्रधानांनी आणलेल्या नोंदवह्या प्रवाहात टाकून दिल्या. जिल्ह्याचा इंग्रज अधिकारी तेथे हजर होता, पोलीसही होते. पण त्या जमावापुढे बळ वापरण्यात अर्थ नाही हे त्याला कळले. बेगार बंद झाली. गोळी सुटली नाही, कचेरी जळली नाही. बुडाले ते फक्त कागद.

मी संगमाच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. नोंदवही हा माझ्या पेशाचा देव आहे. तिच्यात नाव असले तर माणूस आहे, नसले तर नाही. चितईला लोक कागद लिहून देवाला देतात आणि येथे त्यांनी कागद पाण्याला दिले. मध्ये दोन-तीन तासांचा मोटाररस्ता आहे. चालक माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याला मी विचारले, तुझ्या घरात कोणी बेगार केली होती काय? तो म्हणाला, "आजोबांच्या वडिलांनी. त्यांची पाठ शेवटपर्यंत सरळ झाली नाही, असे आजी सांगे." आणि मग थोड्या वेळाने, "आमच्याकडे वडील रस्त्यावरच गेले, तेव्हा बाकी आहेच."

आई पलीकडे दिवा सोडीत होती. परत येताना ती मला म्हणाली, "त्याच्या प्रकरणाचा क्रमांक लिहून घे." मी लिहून घेतला.

दिल्लीस आल्यावर नोव्हेंबरात मी त्या कचेरीस एक पत्र लिहिले. हुद्दा वापरला नाही असे म्हणणार नाही. पत्राच्या कागदावर तो छापलेलाच असतो. पंधरवड्याने उत्तर आले, प्रकरण विचाराधीन आहे. ते वाक्य मी स्वतः इतक्या वेळा लिहिले आहे की, त्यात किती अर्थ आहे हे मला दुसऱ्याने सांगावयास नको. मी दोनदा स्मरणपत्रे पाठविली. मग कामाच्या गर्दीत तेही राहून गेले.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी चालकाचा दूरध्वनी आला. आईचे निवृत्तिवेतन मंजूर झाले होते, थकबाकीसह. "गोलू देवाने ऐकले, साहेब," तो म्हणाला. माझ्या पत्राविषयी त्याला काही ठाऊक नव्हते. मीही सांगितले नाही, पण मनातून थोडा फुललो, हे खरे. थोड्या वेळाने त्याने दोन छायाचित्रे पाठविली. एक मंजुरीच्या आदेशाचे होते. सवयीप्रमाणे माझी नजर आधी तारखेवर गेली. ती माझ्या पहिल्या पत्राच्या अकरा दिवस आधीची होती. आदेश निघाला होता. कोणाच्या तरी टेबलावर तो पाच महिने पडून राहिला, आणि त्याच काळात मला तो विचाराधीन असल्याचे कळविण्यात आले होते.

दुसरे छायाचित्र चितईचे होते. नव्या पितळेची, मध्यम आकाराची घंटा, दोन जुन्या घंटांच्या मध्ये बांधलेली. आईने दूरध्वनी हातात घेतला, चित्र मोठे करून डोळ्यांजवळ नेले आणि विचारले, "आवाज कसा आहे म्हणावे तिचा?"